सिदूतात्यांची पाच माणसं

आमच्या खडकेवाडीचे सरपंच सिदूतात्या माणसाच्या तोंडाकडं बघायच्या आधी त्याच्या पायांकडं बघत. माणूस घरात असला तर दारातल्या चपलांकडं. गावात कुठली चप्पल कुणाची, कुणाचा अंगठा तुटलाय, कुणी टाचेला टायरचा तुकडा ठोकलाय, सगळं त्यांना पाठ. सकाळी डेअरीला दूध घालायला निघाले की दर चार दारांपुढं त्यांची मोटरसायकल आपोआप मंद व्हायची. नव्या माणसाला वाटायचं, गाडीत काहीतरी बिघाड आहे. गाडी धडधाकट होती. तात्या चपला वाचत असत.

"मेंढरू पळायच्या आधी कान हलवतंय, बाई," ते मला सांगायचे. "माणसाचा कान काय हालत न्हाई. मग बघायचं काय? चप्पल. ती कुणाच्या दारात गेली त्यावर समजून जायाचं."

बाई म्हणजे मी. माझं माहेर माण तालुक्यातलं, सासर इथलं जतकडचं. एका दुष्काळातून उठून दुसऱ्या दुष्काळात नांदायला आले. आमचे हे गावातल्या हायस्कुलात शिक्षक, म्हणून गाव मला मास्तरीणबाई म्हणतं. मी घरी ब्लाउज शिवते. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा आमच्या वॉर्डातली जागा महिलांसाठी राखीव निघाली. दोन्ही पॅनेलवाले दारात आले. दोघांनाही नाही म्हणायचा धीर होईना, म्हणून अपक्ष उभी राहिले. निवडून आले आणि माझ्या सुखाच्या झोपेला तिथंच पूर्णविराम मिळाला.

कारण सदस्य नऊ. त्यातले चार रावसाहेबांचे. रावसाहेब म्हणजे डाळिंबाच्या बागा, बंगला, आणि तालुक्यापर्यंत पोहोचलेला हात. तात्यांच्या पॅनेलचे तीन : स्वतः तात्या, कस्तुराकाकू आणि म्हाळूआप्पा. मधे लोंबकळत राहिलो दोघं, एक मी आणि दुसरा जेसीबीवाला बबन. त्या खेपेला सरपंच गावानं थेट निवडायचा नव्हता, आम्ही सदस्यांनीच आमच्यातून निवडायचा होता. तीन आणि दोन पाच. अशी आमची आघाडी झाली आणि तात्या सरपंच झाले. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी एकच वाक्य : "आपली पाच हायत न्हवं?"

दुःखाच्या घरी गेले तरी हेच. एकदा गावात एक म्हातारी गेली. तात्या मयताला आले, हात जोडले, डोळे पुसले, आणि माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "बबन्या दिसत न्हाई." मी म्हटलं, "तात्या, तो खांदा देतोय." तेव्हा कुठं त्यांना मोकळेपणानं रडू आलं.

फार घाबरले की ते कानडीत मोजायचे. लहानपण सीमेपलीकडं आजोळी गेलेलं. ओठ हलायचे : ओंदु, एरडु, मूरु, नाकु, ऐदु. ऐदुपर्यंत पोहोचले की तोंडावर रंग यायचा. नाकुला अडकले की पाणी मागायचे.

सरपंच निवडीच्या आधी इतर गावांत सदस्यांना सहलीला नेऊन ठेवतात, हे मी ऐकून होते. कुणी गोव्याला नेतं, कुणी महाबळेश्वरला. तात्यांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या म्हायेरला फोन लागतोय का?"

"नाही लागत. टेकडीवर जावं लागतं."

"मग तितंच जाऊ."

आणि खरंच तात्या, बबन, मला सोबत म्हणून कस्तुराकाकू, असे आम्ही चौघं माझ्या माहेरी जाऊन पडलो. माझ्या वहिनीनं तीन दिवस भाकऱ्या थापल्या. तात्या सकाळपासून अंगणात बाज टाकून बसत, तोंड रस्त्याकडं आणि पाठ भिंतीला. बबन परसाकडं निघाला तरी तात्या दहा पावलं मागं. शेवटी बबन वैतागून ओरडला, "तात्या, आता हितंबी गुप्त मतदान न्हाई का?"

मी तात्यांना विचारलं, "म्हाळूआप्पांना का नाही आणलं?"

तात्या हसले. "म्हाळूला कशाला? त्यो आपलाच हाय. माझी मेंढरं बघतोय तिकडं."

म्हाळूआप्पा आणि तात्या बारा वर्षांचे असल्यापासून बरोबर मेंढरं राखलेले. एका घोंगड्यात झोपलेले, एका डबक्यातलं पाणी प्यालेले. म्हाळूआप्पा बोलायला कमी. पंचायतीच्या बैठकीत ते दाराजवळच्या खुर्चीवर बसत आणि ठराव वाचून झाला की तात्यांकडं न बघता हात वर करत. तात्याही त्यांच्याकडं बघत नसत. बघायची गरजच नव्हती.

तात्यांची सगळी नजर बबनवर. एके सकाळी ते घामाघूम होऊन आमच्या दारात आले. "घात झाला, बाई! बबन्याची निळी सँडल रावसाहेबाच्या दारात हाय. म्या डोळ्यांनी बघितली." लगोलग बिरोबाच्या देवळात बैठक. कस्तुराकाकू पिठाच्या हातांनी आल्या. मी मशीनवरचं काम टाकून गेले. तात्या खांबाला धरून बसलेले, ओठ नाकुवर अडकलेले. एवढ्यात समोरून बबन आला तो अनवाणी.

"परवा लग्नात माझी सँडल कुणीतरी घालून गेला," तो म्हणाला. "दोन दिस काटं मोडत फिरतोय."

चौकशी केली तर रावसाहेबांच्या पाहुण्यानं लग्नातून नेलेली. तात्या त्याच दिवशी जतला गेले आणि बबनला लालभडक सँडल घेऊन आले. म्हणाले, "ही कोण चोरत न्हाई. आन लांबनंबी दिसत्या."

त्या लाल सँडलचा उपयोग लवकरच झाला. बबन सांगलीला गेला आणि त्याचा फोन बंद लागायला लागला. तात्या पुढच्या एसटीनं सांगलीत. बबनच्या बायकोनं सांगितलं होतं, दात काढायला गेलेत. पण दात काढायला कोण फोन बंद करून जातं, असं तात्यांचं म्हणणं. स्टँडपासून सुरुवात करून त्यांनी दातांचे जेवढे दवाखाने दिसले तेवढ्यांच्या दारात चपला तपासल्या. चौथ्या दारात लाल सँडल. तात्या थेट आत. बबन खुर्चीत आडवा, तोंड वासलेलं, तोंडात दोन अवजारं.

"आमच्याकडनंच हाईस न्हवं?" तात्यांनी विचारलं.

बबनला बोलता येईना. त्यानं अंगठा वर केला. डॉक्टरला वाटलं दुखायचं थांबलं, त्यांनी दाढ उपटली.

आता हे सगळं हसून सांगते आहे, पण तेव्हा तात्यांची भीती साथीसारखी आमच्या घरात शिरली होती. मला स्वप्नात चपला दिसायच्या. दाराशी मोटरसायकल मंद झाली की मी आधी माझ्या चपला जागेवर आहेत ना ते बघायची. मी काही केलं नव्हतं, तरी केल्यासारखं वाटायचं.

आणि मी काही केलं नव्हतं, हेही पूर्ण खरं नाही. आघाडी टिकवायला तात्या जे जे करत होते ते माझ्या दारात येत होतं आणि मी ते घेत होते. उपसरपंचपद बबनला गेलं. गावातलं खोदकाम बबनच्या जेसीबीला. आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आले. मी मागितलेही नव्हते. टँकर आला की पहिल्यांदा आमच्या चौकात उभा राहायचा. शेजारणी मला म्हणायच्या, "मास्तरीणबाई, तुमच्यामुळं आमचं भागलं." मला बरं वाटायचं.

म्हाळूआप्पांची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. पंधरा-वीस घरं. तिकडं जायला रस्ता असा नाहीच. निम्म्या वाटेत खडक, निम्म्या वाटेत काळी माती. इथं पाऊस कमी, पण पडला की त्या मातीत पाय रुतून बसतो. तीन वर्षं म्हाळूआप्पा प्रत्येक बैठकीच्या शेवटी उठून एकच वाक्य बोलायचे, "वस्तीच्या रस्त्याचं बघा." आणि तात्या फाईल बांधता बांधता म्हणायचे, "व्हय व्हय. पुढल्या टायमाला नक्की." मग माझ्याकडं वळून हळूच, "म्हाळू काय, आपलाच हाय. कुठं जातोय?"

दुसऱ्या वर्षी वस्तीवर म्हाळूआप्पांच्या सुनेचे दिवस भरले. ओढा वाहत होता. रुग्णवाहिका अलीकडं उभी राहिली आणि चार जणांनी सुनेला बाजेवर घालून, गुडघाभर चिखलातून आणलं. सून वाचली, बाळही वाचलं. तात्या दवाखान्यात बाळाला बघायला गेले, त्याच्या हातावर पैसे ठेवले, म्हणाले, "म्हाळू, आता रस्ता झालाच म्हणून समज." आणि पुढच्याच बैठकीत मंजूर झालेला मुरूम बबनच्या गोठ्याकडं गेला, कारण त्या आठवड्यात बबनला कुणीतरी रावसाहेबांच्या गाडीत बसलेलं बघितलं होतं.

त्या बैठकीत म्हाळूआप्पा उठले नाहीत. शेवटचं वाक्य बोललेच नाहीत. ते गप्प बसले हे माझ्या लक्षात आलं. तात्यांच्या आलं नाही.

थोड्या दिवसांनी म्हाळूआप्पांची बायको ब्लाउज टाकायला आली. माप देता देता म्हणाली, "आमचं ह्ये म्हणत्यात, ज्येला इचारावं लागतंय त्येलाच मिळतंय. ज्येला इचारावं लागत न्हाई त्यो मेल्यागत." मी टेप गळ्यात अडकवून माप वहीत उतरवून घेतलं. हे तात्यांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तात्या त्याच पावली वस्तीवर गेले असते, शपथा घातल्या असत्या, आणि सांगणारी कोण हे उघड झालं असतं. शिवाय आमच्या बाजूला यायचा मुरूम तिकडं वळला असता, हाही विचार माझ्या मनात आला होता. तो आता लपवत नाही.

मग एके दिवशी रावसाहेबांच्या गटानं तहसीलदाराकडं अविश्वासाची नोटीस दिली. आठवड्याच्या आत सभा. ठराव मंजूर व्हायला नऊपैकी सहा हात लागणार होते. त्यांच्याकडं चार. म्हणजे आमच्यातले दोन फुटायला हवेत.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांना हेडमास्तरांनी खोलीत बोलावलं. ज्या संस्थेची ती शाळा, तिच्या वरच्या मंडळींत रावसाहेबांचे व्याही. हेडमास्तर बिचारे मान खाली घालूनच बोलले. म्हणाले, "तुमच्या बदलीचा कागद तयार आहे. शिरवळकडच्या शाखेत. मंडळींनी मतदानानंतर बघू, असं सांगायला सांगितलंय."

शिरवळ म्हणजे आमच्यापासून दुसरं टोक. एरवी गेलोही असतो. पण सासूबाईंना पक्षाघात होऊन दीड वर्ष झालेलं. अर्धं अंग लुळं. त्यांना उचलून बसवायचं, न्हाऊ घालायचं, बाहेर उन्हात आणायचं, हे ह्यांच्याशिवाय होत नव्हतं. माझ्या अंगात तेवढा जोर नाही, आणि परक्या माणसाचा हात लागला की त्या ओरडत. हे त्या दिवशी घरी येऊन आईच्या खाटेजवळ बसले आणि मला एवढंच म्हणाले, "तू तुला वाटेल ते कर. मी काही सांगणार नाही." सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं.

ते सहा दिवस मी कसे काढले मलाच माहीत. ब्लाउजच्या बाह्या उलट्या जोडल्या. एका नवरीच्या ब्लाउजचा गळा इतका मोठा कापला की तिच्या आईनं माझ्याकडं नुसतं बघितलं. रोज सकाळी मोटरसायकल दाराशी मंद व्हायची. आता तात्या विचारणार. आता शपथ घालणार. बबनला त्यांनी भंडाऱ्याची शपथ दोनदा घातली होती, कस्तुराकाकूंना एकदा. माझ्या दारात मात्र थांबायचे, चपला बघायचे आणि पुढं जायचे.

सभेच्या दिवशी सकाळी आले ते गाडी बंद करून आत आले. सासूबाईंना हाक मारली. चहा नको म्हणाले. मग माझ्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसले.

"बाई, आज हात वर करा."

मला कळेना. "कशासाठी?"

"ठरावासाठी. माझ्या इरोधात."

"तात्या, आवं, काय बोलताय?"

"मास्तरांच्या बदलीचं ठावं हाय मला. तुमी बोलला न्हाईसा. पर त्या दिशी मास्तर हेडमास्तरच्या खोलीतनं भाईर आलं आन डाव्या पायातली चप्पल उजव्यात घालून घरापतूर चालत गेलं. म्या डेअरीपाशी हुतो. तवाच म्हणलं, कायतरी झालं. मग शिपायाला इचारलं."

माझे डोळे भरून आले. मी पदर तोंडाला लावला.

"रडू नका. म्या हिशेब केलाय," तात्या म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज ठीक होता. "त्यांची चार. तुमचा एक धरून पाच. सहावा आणणार कुठनं? बबन्या बांधलाय. काकू मरल पर हलणार न्हाई. आन म्हाळू आपलाच हाय. तुमी बिनघोर हात वर करा. रावसाहेबाला दिसू द्या. मास्तर हितंच ऱ्हातील, म्या खुर्चीवर ऱ्हाईन. म्हातारीचं हाल व्हायला नगं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. म्हाळूआप्पांच्या बायकोचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण मी ते बोलून दाखवलं असतं तर मला हात वर करता आला नसता. मी म्हटलं, "तात्या, एकदा वस्तीवर जाऊन या."

"म्हाळूकडं? त्येला काय भेटायचं?" ते उठले. "सभेलाच भेटंल की."

सभा पंचायतीच्या हॉलमध्ये. तहसीलदारसाहेब मधे बसले, शेजारी ग्रामसेवक. दारात आणि खिडक्यांत गाव दाटलेलं. बबन माझ्यासमोर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला, चुकून वर जातील या भीतीनं. म्हाळूआप्पा रोजच्यासारखे दाराजवळ, माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

ठराव वाचला गेला. "बाजूनं असणाऱ्या सदस्यांनी हात वर करावेत."

रावसाहेबांचे चार हात झटक्यात वर गेले. मी माझा हात उचलला. तो माझा नाही असं वाटत होतं, शिवायला आलेल्या कापडासारखा कुणाचा तरी. खिडकीतून कुणीतरी "हात्तिच्या!" म्हणालं. तात्यांचे ओठ हलत होते. ऐदुवर येऊन ते थांबले आणि मला धीर द्यावा तसे किंचित हसले.

ग्रामसेवकानं पेन टेकवलं आणि तो पुन्हा वर बघू लागला.

"सहा," तो म्हणाला.

तात्यांनी आधी बबनकडं बघितलं. बबननं घाबरून दोन्ही हात मांड्यांखालून काढून दाखवले. मग काकूंकडं. त्यांचे हात पदरात. मग तात्यांची मान सावकाश दाराकडं वळली. म्हाळूआप्पांचा हात वर होता. ते समोर भिंतीकडं बघत होते. तीन वर्षं बघत होते तसंच, तात्यांकडं न बघता.

बाहेर फटाके वाजले. तात्या उठले, खुर्ची नीट आत सरकवली, तहसीलदारांना नमस्कार केला आणि बाहेर पडले. मोटरसायकल तिथंच विसरून चालत गेले.

गावात महिनाभर चर्चा. कुणी म्हणे रावसाहेबांनी म्हाळूला विकत घेतला, कुणी म्हणे बबननंच आतून खेळ केला. सगळ्यात जास्त बोलणी मला बसली, आणि ती रास्तच होती. बदली झाली नाही. सासूबाई रोजच्यासारख्या उन्हात बसत होत्या.

शेवटी एका दुपारी मी तात्यांच्या घरी गेले. ओसरीवर एकटेच बसले होते. सरपंच असताना त्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, "तात्या, मला आधीच ठाऊक होतं. म्हाळूआप्पांच्या बायकोनं मला..."

"बसा," ते म्हणाले. "त्ये ऱ्हाऊ द्या. मला एक सांगा. तुमी त्येच्या शेजारीच हुता. त्येच्या हाताला चिंधी कशाची बांधल्याली हुती?"

"कुठली चिंधी?"

"उजव्या हाताला. मनगटाच्या खाली. रक्त वाळल्यालं. हात वर करताना कळवळला त्यो. तुमास्नी दिसलं न्हाई?"

मला दिसलं नव्हतं. हॉलमध्ये कुणालाच दिसलं नसावं. सगळे हात मोजत होते.

"लय दिस झालं, अजून कुणाला इचारलं न्हाई म्या," तात्या म्हणाले. "इचारायचं कुणाला? मला तिकडं जायाला तोंड हाय का?"

त्यांनी आत जाऊन एक छोटी बाटली आणली. करंजाचं तेल, त्यात कसलासा पाला कढवलेला. मेंढरांच्या जखमेला लावायचं. "ह्ये द्या त्येला. माझं नाव सांगू नका. म्हणावं, दुकानातनं आणलं."

त्याच उन्हात मी ओढा ओलांडून वस्तीकडं निघाले. तीन वर्षं सदस्य होते, पण त्या वाटेनं पहिल्यांदाच चालत होते. खडकाच्या भागात म्हाळूआप्पा दिसले. उकिडवे बसून डाव्या हातानं हातोडा मारत दगड फोडत होते. मागं बरीच वाट फोडून झालेली, वर बारीक खडी पसरलेली. उजव्या हाताला चिंधी.

"छिन्नी निसटली," मी विचारल्यावर म्हणाले. "महिना उलटून गेला. भरंना."

मी बाटली पुढं केली. "दुकानातनं आणलंय."

त्यांनी बूच काढून नाकाला लावलं. पुन्हा एकदा हुंगलं. हातोडा खाली ठेवला.

"एवढं समदं दिसतंय त्येला," ते म्हणाले. "रस्ता तेवढा दिसला न्हाई."

मग चिंधी सोडत त्यांनी हात माझ्यापुढं केला.

"लावा," म्हणाले. "जरा जास्तच लावा. त्येला सांगा, आग व्हती लय."